पाव कपातली हवा

मित्रांनो, मी एक जुना पाव कप आहे. स्वयंपाकघरात एका कड्यात ओवलेले मापाचे कप असतात ना, त्यांतला सगळ्यांत धाकटा. माझ्या पोटाला ओरखडे पडले आहेत, चकाकी कधीच गेली आहे. पण दांड्यावर कोरलेले 'पाव कप' हे शब्द अजून लांबून वाचता येतात. माझ्या हातून जे घडले ते या कोरलेल्या शब्दांमुळेच घडले. कोरलेल्या शब्दांवर माणसे डोळे मिटून विश्वास ठेवतात.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, साच्यावर दाबला, कडा घासली, दांडा जोडला. मग आम्हाला एका तपासनीस बाईंच्या टेबलावर नेत. त्या मला पाण्याने काठोकाठ भरत, ते पाणी रेघा असलेल्या काचेच्या नळीत ओतत आणि म्हणत, "साठ. बरोबर. पुढचा." साठ मिलिलिटर पाणी, आणि त्याचे वजनही साठ ग्रॅम. मला वाटले, आपली परीक्षा झाली. आता आयुष्यभर आपण खरे. पण ती परीक्षा फक्त पाण्याची होती, हे मला कोणी सांगितले नाही.

माझी उमेदीची वर्षे एका केकच्या दुकानात गेली. तिथे मला पहिल्यांदा कळले की मी तोच असलो तरी माझ्यात बसणारे वजन तेच नसते. साखर भरली की पन्नास ग्रॅम. चाळलेला मैदा भरला की जेमतेम तीस. मध भरला की पंचाऐंशीच्या घरात, आणि तो निघता निघत नसे. त्या दुकानात एक बाई कामाला होत्या. गोष्ट त्यांचीच आहे, म्हणून त्यांना नीट पाहून घ्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, कामात कमालीच्या नीटस. मैदा आधी चाळायचा, चमच्याने अलगद माझ्यात सोडायचा, मला हलवायचे नाही, दाबायचे नाही, आणि शेवटी सुरीच्या पाठीने वरचा ढीग सपाट करायचा. त्यांचा केक कधी बसला नाही. मालकीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "तिच्या हातात कापूस आहे कापूस." ते कौतुक माझेही आहे असे समजून मी कड्यात मिरवत असे.

दुकानात नवे कप आले तेव्हा मालकीणबाईंनी जुना जुडगा त्या बाईंना देऊन टाकला. अशा रीतीने मी त्यांच्या घरी आलो. दोन खोल्यांचे घर. नवरा रस्त्याच्या कामावर, महिन्यातून एकदा घरी यायचा. घरात त्यांची एक मुलगी होती, सात वर्षांची. सतत इकडून तिकडे पळणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. आणि होती तिची आत्या, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आत्याने उभा जन्म पिठाच्या गिरणीत काढला होता. नवरा गेला, गिरणी विकली गेली, आणि ती भावाच्या घरी आली. तिचा आवाज गिरणीच्या पट्ट्यावरून ऐकू जावा एवढा मोठा होता आणि घरातही तो लहान झाला नव्हता.

मुंगीला एक दुर्मीळ आजार होता. आपण जेवतो तेव्हा यकृत थोडी साखर साठवून ठेवते आणि पोट रिकामे झाले की ती रक्तात सोडते. मुंगीच्या यकृतात साखर साठायची, पण सुटायची नाही. कोठी भरलेली, आणि दाराची किल्ली हरवलेली. म्हणून दिवसातून ठरावीक वेळी तिला कच्चे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून प्यावे लागे. ते पोटात सावकाश विरघळते आणि पुढचे काही तास रक्ताला थोडी थोडी साखर पुरवत राहते. डॉक्टरांनी प्रमाण वजनात सांगितले होते. एका वेळेला चाळीस ग्रॅम. कमी पडले तर ती साखर वेळेआधी संपणार, आणि मग मुंगीला घाम, थरथर, गुंगी, आणि त्याच्याही पुढे जे असते त्याचे नाव त्या घरात कोणी घेत नसे.

घरात एक छोटा विजेरी वजनकाटा होता. आईच्या पाळीला आई मोजे, ती कामाला गेली की आत्या मोजे. मी तेव्हा फक्त खणात पडून असे.

आत्याचा त्या काट्यावर काडीचा विश्वास नव्हता. एक दिवस तिने मला कड्यातून काढले. "वहिनी, हे यंत्र आज आहे, उद्या नाही. ह्या कपात किती मावतं ते बघून ठेवू या." तिने मला डब्यात बुडवून भरले, ओट्यावर ठण ठण ठण ठोकले, पीठ खाली बसले तशी वरून आणखी भरले, पुन्हा ठोकले आणि बोटाने सपाट केले. आईची पाठ होती, ती गॅसवरचे दूध सांभाळत होती. आत्याने मला काट्यावरच्या वाटीत रिकामे केले आणि ओरडली, "बघ! चाळीस! वर नाही, खाली नाही."

आई वळली, आकडा पाहिला आणि हसली. "वन्सं, तुमचा हात म्हणजे काटाच आहे."

त्या दिवसापासून घरात एक वाक्य पक्के झाले. काठोकाठ पाव कप म्हणजे चाळीस ग्रॅम. आईने आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आकड्याच्या आधी काय झाले ते तेवढे पाहिले नव्हते.

पुढे काही दिवसांनी तो काटा धुवायच्या भांड्यांच्या टबात पडला आणि मेला. नवा आणायचाच होता, पण घाई कोणाला होती? मी होतो ना!

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगताना माझा पत्रा आजही गार पडतो.

आत्याच्या पाळीला ती मला ठोकून भरे आणि मुंगी दिवसभर बागडे. आईच्या पाळीला आई भरे. कशी? तिला जशी सवय होती तशी. आधी चाळायचे, चमच्याने अलगद सोडायचे, सुरीच्या पाठीने सपाट करायचे. काठोकाठ पाव कप. वरून पाहिले तर दोघींच्या कपात तसूभर फरक नाही. पण मला माझ्या तळाशी भार कळतो. पीठ म्हणजे नुसते कण नव्हेत, कण आणि कणांमधली हवा. ठोकले की हवा निघून जाते आणि कण खेटून बसतात. चाळले की कणाकणात हवा शिरते. आईने भरलेल्या माझ्या पोटात पीठ कमी आणि हवा जास्त होती. मी ते जाणत होतो आणि मला तोंड नव्हते.

सकाळी आई मुंगीला ग्लास देई. शाळेची वेळ होईपर्यंत पोरगी मलूल. कपाळावर घाम, वेणी घालताना मान एका बाजूला कललेली. शाळेतून आली की आत्याच्या हातचा ग्लास पिऊन तासाभरात पुन्हा टुणटुणीत.

एकदा झाले, दोनदा झाले. मग आत्याच्या तोंडून निघालेच. "माझ्या हातचं पिते तेव्हा बरी कशी असते गं?"

"मी तेवढंच देते, वन्सं. काठोकाठ."

"तेवढंच असेल. पण देताना लक्ष कुठे असतं? केकवरच्या फुलांत?"

 दुसऱ्या दिवसापासून आईने जास्त काळजी घ्यायला सुरुवात केली. आणि मित्रांनो, तिची काळजी म्हणजे काय? तिला वाटले, पिठात गुठळ्या राहत असतील, पोटात नीट मिसळत नसेल. म्हणून ती बारीक चाळणीने दोनदा चाळू लागली. चमचा आणखी खालून, आणखी हळू सोडू लागली. एखादा कण ओट्यावर सांडला तर बोटाने टिपून परत माझ्यात घालू लागली. तिने जितका जीव लावावा तितका मी हलका होत होतो. तिच्या मायेचा प्रत्येक चमचा मुलीच्या रक्तातली साखर कमी करत होता. मी दातओठ खाल्ले असते, पण मला दातही नाहीत आणि ओठही नाहीत. एकदा तिच्या ओल्या बोटांतून मी निसटलो आणि ओट्यावर ठणकन आपटलो. आतले पीठ खाली बसले, वर बोटभर जागा रिकामी झाली. मला वाटले, आता दिसेल! आता तरी दिसेल! तिने माझ्याकडे पाहिले, "सांडलं वाटतं," असे पुटपुटली आणि मला रिकामे करून पुन्हा पहिल्यापासून चाळायला बसली.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारले, "मोजून देता ना?"

"एक कणही कमी नाही," आई म्हणाली. ते खोटे नव्हते. तिच्या दृष्टीने तर नव्हतेच.

हळूहळू तिचे तिलाच वाटू लागले की आपल्याच हातात काहीतरी वाईट आहे. ती शिकलेली होती, असल्या गोष्टी मानणारी नव्हती. तरी एका दुपारी मी तिला नळाखाली हात चोळताना पाहिले. साबण लावायची, धुवायची, तळवे उलटसुलट करून बघायची, पुन्हा साबण लावायची. शेवटी ती आत्याला म्हणाली, "यापुढे सगळ्या वेळा तुम्हीच द्या. सकाळची बाकीची कामं मी उरकून जाईन, पण ग्लासाला हात लावणार नाही."

आत्या एरवी असल्या वाक्याची वाटच बघत असायची. त्या दिवशी मात्र ती नुसती "बरं" म्हणाली.

चार-आठ दिवस बरे गेले. मग आत्याला ताप भरला. असा की तिला उठून बसवेना, माणूस ओळखता येईना. आई रजा टाकून घरी राहिली. आता वेळा सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. मला हातात घ्यावेच लागले. तिने तीनदा चाळले.

सकाळी एक ग्लास, दुपारी एक ग्लास. दोन्ही हवेने भरलेले.

मुंगी फरशीवर बसून चित्र काढत होती. "आई, पेन्सिल धरवत नाही," एवढे म्हणाली आणि तशीच कागदावर आडवी झाली. आईने हाका मारल्या. डोळे अर्धवट उघडे, दातखीळ बसलेली. आईने ग्लुकोजची पूड बोटाने तिच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली, तिला उचलले, जाताना डबा आणि मला पिशवीत टाकले आणि अनवाणी जिना उतरली. शेजारच्या शिंप्याने मशीनवरचे काम टाकून रिक्षा थांबवली. पिशवीत मी डब्यावर आपटत होतो आणि वरून आईचा आवाज येत होता, "मुंगे, बघ ना माझ्याकडे. बघ की गं."

सलाइन लागले, साखर चढली, मुंगीने डोळे उघडले आणि "माझं चित्र कुठाय?" असे विचारले. आई भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पिठाने आता भागत नाहीये असं दिसतं. वेळेवर देऊनही साखर टिकत नाही म्हणजे आजार बळावलाय. पुढच्या आठवड्यात पोटातून नळी बसवू. पंपाने सतत आहार देता येईल. छोटंसं ऑपरेशन आहे."

"किती दिवस राहील नळी?"

"बघू. काही वर्षं तरी."

पळणाऱ्या मुंगीच्या पोटाला नळी आणि पाठीला पंप! मी पिशवीच्या अंधारात पडून होतो. पोरगी होती तशीच होती. बळावली होती ती हवा.

घरी आल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आत्याचा ताप उतरला होता. तीच अंगावर शाल घेऊन ओट्याशी आली, मला ठोकून भरले, ग्लास तयार केला आणि मुंगीसमोर ठेवला. मुंगीला ते पांढरे पाणी पिऊन पिऊन कंटाळा आला होता. ती ग्लासाला हात न लावता नुसती बघत बसली. तिचे हे नेहमीचे. ढवळलेले पीठ हळूहळू तळाशी बसते आणि वर नितळ पाणी राहते, ते बघायला तिला आवडे.

"आत्या, तुझी गादी जाड बसते," ती म्हणाली.

"कसली गादी? गप पी."

"ही काय, खालची. आईची गादी पातळ असते. हिच्यावर हत्ती झोपेल, आईच्या गादीवर नुसती मांजर."

आत्या म्हणाली, "पोरीला बडबड करायला..." आणि तिथेच थांबली. भिंतीकडे तोंड केलेली आई उठून बसली होती.

आई ओट्यापाशी आली. मला धुतले, कोरडे पुसले. "मुंगे, हा तू ढवळून पिऊन टाक. वन्सं, मी आता नेहमीसारखा कप भरते. तुम्ही बघा फक्त. बोलू नका."

तिने चाळणी घेतली. आत्याला गप्प राहणे कधी जमले आहे? "अगं, हे काय? चाळतेस कशाला? कपाला झोपवतेस का काय? गिरणीत असं माप भरलं असतं तर लोक दारात उभे राहिले नसते. हवा विकतेस का, म्हणाले असते."

"आणि केकच्या दुकानात तुमच्यासारखं ठोकलं असतं तर केकची वीट झाली असती."

दोघीही बोलून गेल्या, आणि बोलून झाल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिले. इतके दिवस एका ओट्यावर, एका कपाने, एकाच पोरीसाठी दोघी मोजत होत्या, पण पाळ्या वेगळ्या. एकीने दुसरीला मोजताना कधी पाहिलेच नव्हते.

आत्याने आपल्या पद्धतीने आणखी एक कप भरला. दोन सारखे ग्लास, दोन्हींत सारखे पाणी. ढवळले आणि ठेवून दिले. दोघी वाकल्या आणि तिघी ओट्याला हनुवट्या टेकून बघत राहिल्या. मुंगी मधे, पायाखाली पाट घेऊन. हळूहळू पांढरे खाली बसत गेले. एका ग्लासात गादी जाड, दुसऱ्यात पातळ.

मग आई ताठ उभी राहिली. "मला आकडा पाहिजे," ती म्हणाली.

गल्लीच्या टोकाला सोनाराचे दुकान होते. एवढ्या जवळ तेवढा अचूक काटा दुसरा नव्हता. मुंगीला सोबत घेऊन दोघींनी डबा, चाळणी, चमचा आणि मला त्याच्या काचेवर मांडले तेव्हा तो चष्म्यावरून बघत राहिला. "वहिनी, याची घडणावळ लावू का?"

"थट्टा नंतर कर रे बाबा," आत्या म्हणाली, "आधी वजन कर." तिचा तो मोठा आवाज पार बसला होता.

सोनाराने कागद ठेवून काटा शून्यावर आणला. आत्याने ठोकून भरलेला कप, चाळीस. आईने चाळून भरलेला कप, अठ्ठावीस. आई म्हणाली, "परत." परत अठ्ठावीस. मग तिने दोनदा चाळून भरले, जसे ती काळजीने भरत असे. सव्वीस. तीनदा चाळले, पंचवीस.

पंचवीस या आकड्याकडे ती किती वेळ बघत होती कोण जाणे. नंतर तिने स्वतःचे दोन्ही तळवे उघडून त्यांच्याकडे पाहिले. जणू ते तिचेच आहेत का, हे विचारत होती.

आत्याने तिचा एक हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "वहिनी, मी तुला नाही नाही ते बोलले."

"ते घरी जाऊन बोलू," आई म्हणाली. तिचे पाय दाराकडे वळले होते. "आधी चला. हिच्या पुढच्या वेळेआधी नवा काटा आणायचाय."

त्याच संध्याकाळी नवा काटा आला. सोनाराकडचे आकडे आणि मुंगीच्या साखरेचे पुढचे आकडे डॉक्टरांनी शांतपणे पाहिले, आणि नळीचे ऑपरेशन आधी पुढे ढकलले, मग रद्द केले. मुंगी पुन्हा पळू लागली. तरी त्या दिवसानंतर ती झोपली की आई अजून तिच्या कपाळाला हात लावून घाम आहे का बघते. ते मात्र कोणत्याही काट्याने थांबलेले नाही.

मला कोणी फेकून दिले नाही की कोणी काही बोलले नाही. मी खणाच्या मागच्या कोपऱ्यात असतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला जपा. माझी विनवणी उलटी आहे, मित्रांनो. ज्याच्या खाण्यापिण्याचे प्रमाण वजनात सांगितलेले आहे, त्याच्यासाठी मला वापरू नका. मला तिथेच कोपऱ्यात राहू द्या आणि काट्यावर मोजा. एखाद्या दिवशी काटा नसेल आणि माझ्यावाचून गत्यंतरच नसेल, तर निदान विचारा, काय भरले आहे आणि कसे भरले आहे. ठोकून की चाळून? आणि ज्याने भरले त्याला तुमच्यासमोर पुन्हा भरायला सांगा.

आणखी एक मागणे आहे. त्या घरात सगळ्यांना वाटत होते की कप चुकणार नाही. आईला वाटत होते, आत्याला वाटत होते. म्हणून मग चूक शोधायला फक्त एका बाईचे दोन हात उरले. तुमच्या घरात कोणाच्या हातून काही सारखे बिघडत असेल, आणि तो माणूस दिवसेंदिवस जास्त काळजी घेत असेल, तर त्याला टोमणा मारायच्या आधी त्याच्या हातातले माप घ्या आणि तपासा. मी बोलू शकत नव्हतो. तुम्हाला बोलता येते.